आनुवंशिक हानी की डीएनएची इजा?

तणनाशके आणि बेडूक यांच्याविषयी कोठेही काही लिहून आले, की एका जुन्या शोधनिबंधाचा उल्लेख हटकून येतो. कॅनडातील विंडसर विद्यापीठातील क्लेमेंट्स, राल्फ आणि पेट्रास या तिघांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी पाच तणनाशकांच्या द्रावणांत बेडूकमासे ठेवले. चार तणनाशकांमुळे त्यांच्या रक्तपेशींतील डीएनएला इजा झाल्याचे दिसले, पाचव्यामुळे दिसले नाही. निबंधाचा सारा निष्कर्ष एवढाच.

पण हातोहात फिरताना या निष्कर्षाचे रूप पालटत गेले. मराठीत येईपर्यंत त्याचे 'तणनाशकांमुळे बेडकांमध्ये आनुवंशिक बिघाड' असे झाले. विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर हे वाक्य आम्ही एकापेक्षा अधिक वेळा वाचले आहे. तक्त्याजवळ उभ्या असलेल्या मुलांना 'म्हणजे नेमके काय?' असे विचारले, की उत्तर ठरलेले असते. 'त्यांच्या पुढच्या पिढ्या विकृत जन्मतात.' मूळ निबंधात पुढच्या पिढीचा प्रश्न नव्हताच. उलट बाजूला, 'एवढ्या मोठ्या मात्रेत मीठसुद्धा विषारीच' असे म्हणून हाच निबंध झटकून टाकणारेही पुष्कळ आहेत.

आमच्या मते दोन्ही वाचने चुकीची आहेत. निबंध चांगला आहे. त्याला मर्यादा आहेत आणि त्या शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थ्यालाही समजाव्यात अशा आहेत. म्हणूनच येथे त्याचे सविस्तर परीक्षण करीत आहोत.

प्रयोग काय होता

विंडसर हे शहर दक्षिण ओंटारिओत, अमेरिकेतील डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या काठी वसलेले आहे. आसपासचा प्रदेश सपाट आणि शेतीचा. मका, सोयाबीन ही तेथली मोठी पिके. शेतांच्या कडेने चर, ओहोळ, लहान तळी आहेत. वसंत ऋतूत शेतात तणनाशके पडतात, आणि याच हंगामाच्या आगेमागे बेडूक या पाण्यात अंडी घालतात. तेव्हा बेडूकमाशांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्या प्रदेशाला घरचाच होता.

संशोधकांनी अमेरिकन बुलफ्रॉग या मोठ्या बेडकाचे बेडूकमासे निवडले. निवडीला कारण आहे. थंड प्रदेशात या जातीचे पिल्लू एकदोन हिवाळे बेडूकमासा म्हणूनच काढते आणि चांगले मोठे होते. त्यामुळे रक्ताचा थेंब मिळवणे सोपे जाते. शिवाय माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, बेडकाच्या असते, हे आपण वर्गात शिकवतोच. म्हणजे बेडूकमाशाच्या एका थेंबात डीएनए असलेल्या हजारो पेशी आयत्या हाती येतात.

पाच तणनाशके अशी होती. अ‍ॅट्राझिन असलेले अ‍ॅट्रेक्स नाइन-ओ, मेटोलाक्लोर असलेले ड्युअल, ग्लायफोसेट असलेले राउंडअप, मेट्रिब्युझिन असलेले सेन्कॉर आणि २,४-डी असलेले अ‍ॅमसॉल. बेडूकमाशांना क्लोरीन काढलेल्या पाण्यात, प्रत्येक तणनाशकाच्या वेगवेगळ्या मात्रांत, २४ तास ठेवले. काही बेडूकमासे नुसत्या पाण्यात ठेवले. हा तुलनेचा गट. डीएनएला इजा करतो हे आधीच ठाऊक असलेला मिथिल मिथेनसल्फोनेट हा पदार्थही वापरला. चाचणी मुळात काम करते आहे ना, याची ती खातरजमा. मग रक्त काढून 'धूमकेतू चाचणी' केली.

ही चाचणी समजून घेण्याजोगी आहे. पेशी अगारोजच्या पातळ थरात काचपट्टीवर बसवतात. मीठ आणि साबणासारख्या द्रव्याने पेशीची आवरणे आणि प्रथिने विरघळवून टाकतात. मागे डीएनएचा गुंता तेवढा उरतो. तीव्र अल्कलीत ठेवल्यावर डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग त्या थरातून वीज सोडतात. डीएनएवर ऋण प्रभार असल्याने तो धन टोकाकडे सरकू पाहतो. अखंड डीएनए जागचा फारसा हलत नाही. तुटलेले तुकडे आणि सैल झालेले फास मात्र पुढे ओढले जातात. प्रकाशमान रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की धड पेशी गोल दिसते आणि इजा झालेली पेशी शेपटीसह धूमकेतूसारखी दिसते. १९८४ मध्ये ओस्टलिंग आणि योहान्सन यांनी या पद्धतीचा पाया घातला. १९८८ मध्ये नरेंद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला अल्कलीची जोड दिली आणि ती फार संवेदनशील झाली. विंडसरच्या गटाने वापरली ती हीच सुधारलेली पद्धत.

निबंधाच्या जमेच्या बाजू

पहिली गोष्ट प्राण्याची. तणनाशकांच्या चाचण्या बहुधा जिवाणू, उंदीर किंवा काचपात्रातील पेशी यांच्यावर होतात. जो प्राणी त्या पाण्यात खरोखर राहतो आणि कातडीतून, कल्ल्यांतून ते पाणी सतत घेतो, त्याच्यावर चाचणी झाली हे योग्यच झाले.

दुसरी गोष्ट बाटलीची. संशोधकांनी शुद्ध रसायन वापरले नाही. शेतकरी दुकानातून जे आणतो तेच वापरले. बाटलीत मूळ घटकाबरोबर तो पानावर पसरावा, चिकटावा म्हणून घातलेली इतर द्रव्येही असतात. ओहोळात जाते ते हे सारे मिश्रण. म्हणून शेताच्या प्रश्नाला शेतातलीच बाटली घेतली हे बरोबर होते. या निवडीने पुढे एक अडचणही उभी केली, तिच्याकडे वळूच.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. निबंधात 'नाही' असे उत्तरही नोंदले आहे. अ‍ॅमसॉलमध्ये ठेवलेल्या बेडूकमाशांत इजा वाढलेली दिसली नाही. २,४-डी ची एकंदर दुष्कीर्ती पाहता कोणी या उत्तराची अपेक्षा केली नसती. सेन्कॉरच्या बाबतीत इजा दिसली, पण मात्रा वाढवली तशी ती वाढत गेली नाही. हा बेताल निकालही लेखकांनी झाकून ठेवला नाही. शेवटी त्यांनी काढलेला निष्कर्षही जेवढ्यास तेवढा आहे. दक्षिण ओंटारिओत वापरल्या जाणाऱ्या तणनाशकांपैकी निदान काही बेडूकमाशांच्या डीएनएला इजा करू शकतात, एवढेच ते म्हणतात. 'निदान काही' आणि 'करू शकतात' हे शब्द पुढच्या प्रवासात गळाले, तो दोष लेखकांचा नव्हे.

उणिवा

आता उणिवांकडे येऊ. पहिला आक्षेप नेहमी मात्रेचा घेतला जातो. राउंडअपच्या बाबतीत लिटरला ६.७५ मिलिग्रॅम या मात्रेपासून इजा दिसली. ही मात्रा अवास्तव आहे काय? यावर वाद घालण्यापूर्वी थोडे गणित करावे. दर हेक्टरी १ किलो या हिशेबाने एखादे द्रव्य फवारले आणि ते सगळे पाण्यात पडले असे धरू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. पाणी १ मीटर खोल असेल तर ते १ कोटी लिटर होते, आणि लिटरला ०.१ मिलिग्रॅम द्रव्य मिळते. पाणी १० सेंटिमीटर खोल असेल तर १ मिलिग्रॅम. पण पाणी अवघे २ सेंटिमीटर असेल तर लिटरला ५ मिलिग्रॅम!

हे गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात बरेचसे द्रव्य पानांवर आणि मातीवर राहते, ग्लायफोसेट तर मातीच्या कणांना घट्ट धरून बसते. बाटलीतील सगळे द्रव्य मोजायचे की केवळ मूळ घटक, यानेही आकडे बदलतात. तरी एक गोष्ट यातून कळते. तळ्याचा विचार केला तर निबंधातील मात्रा खूपच मोठ्या आहेत. बांधालगतच्या, चाकोरीतल्या बोटभर पाण्याचा विचार केला तर त्या अशक्य कोटीतल्या नाहीत. आणि बेडूकमासे दोन्हीकडे असतात. 'मात्रा अवास्तव' असे सरसकट म्हणणाऱ्याने आधी पाण्याची खोली सांगायला हवी.

दुसरी उणीव काळाची. सजीवांचा डीएनए एरवीही सतत तुटत असतो. माणसाच्या एकेका पेशीत रोज हजारो ठिकाणी इजा होते आणि दुरुस्त केली जाते. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिच आणि सँकर यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. धूमकेतूची शेपटी म्हणजे त्या क्षणी मोकळ्या असलेल्या तुटींचे छायाचित्र. त्यातील काही तुटी दुरुस्तीसाठी पेशीच्याच विकरांनी घातलेले छेद असतात. रस्ता खणलेला दिसला म्हणजे तो बिघडला आहे, की दुरुस्त होतो आहे, हे एका छायाचित्रावरून सांगता येत नाही. बेडूकमासा स्वच्छ पाण्यात परत सोडला असता तर दोन दिवसांनी, आठवड्याने शेपट्या उरल्या असत्या काय? चोवीस तासांच्या प्रयोगातून याचे उत्तर मिळू शकत नाही. आमच्या दृष्टीने ही उणीव मात्रेपेक्षा मोठी आहे.

तिसरी उणीव मरणाऱ्या पेशींची. पेशी मरू लागली की ती स्वतःच आपल्या डीएनएचे तुकडे करते. मात्रा प्राणघातक पातळीच्या जवळ जाऊ लागली, की डीएनए तुटल्याने पेशी मरते आहे, की पेशी मरते आहे म्हणून डीएनए तुटतो आहे, हे केवळ धूमकेतू पाहून ठरत नाही. बेडकांवर राउंडअपचा मारक परिणाम मुख्यतः बाटलीतील साबणासारख्या सहद्रव्यामुळे होतो, हे पुढील काळात अनेक प्रयोगांतून दिसून आले. हे द्रव्य कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांवर घाला घालते. मग १९९७ च्या शेपट्या ग्लायफोसेटच्या, सहद्रव्याच्या, की गुदमरलेल्या पेशींच्या? शेतातलीच बाटली घेतल्याने प्रश्न खरा राहिला, पण कारण शोधणे अवघड झाले. शुद्ध घटक, नुसते सहद्रव्य आणि दोहोंचे मिश्रण असे तीन गट शेजारी ठेवले असते तर ही गाठ सुटण्यास मदत झाली असती.

चौथी उणीव लहान आहे. या गटाच्या कामात इजा मोजताना धूमकेतूच्या लांबीला रुंदीने भागण्याची रीत होती. त्यातून आकार कळतो, पण एकूण डीएनएचा किती भाग शेपटीत गेला हे कळत नाही. आज हे काम संगणक करतो. तरी त्या काळच्या साधनांना आजची फूटपट्टी लावून आम्ही गुण कापणार नाही.

एका शब्दाने केलेला घोटाळा

निबंधातील उणिवांपेक्षा मोठा घोटाळा मराठीत एका शब्दाने केला आहे. इंग्रजीत ज्याला जेनेटिक डॅमेज म्हणतात त्याचे आपण 'आनुवंशिक हानी' असे करतो. शब्दकोशाच्या दृष्टीने ते चूक नाही. पण मराठी वाचकाच्या कानाला 'आनुवंशिक' म्हणजे आईबापांकडून मुलांकडे जाणारे. त्यामुळे वाक्याचा अर्थच फिरतो. बेडूकमाशाच्या तांबड्या रक्तपेशीतील डीएनए तुटला, तरी ती इजा त्याच्या पिल्लांत जाण्याची वाट नाही. त्यासाठी इजा अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत व्हावी लागते, दुरुस्तीतून निसटावी लागते, आणि तरीही ती पेशी जगावी लागते.

म्हणून आम्ही सुचवतो, की अशा ठिकाणी 'डीएनएची इजा' असे साधे शब्द वापरावेत. वर्गात सांगताना चार पायऱ्या वेगळ्या कराव्यात. पहिली पायरी डीएनए तुटणे. ते धूमकेतू चाचणीत दिसते. दुसरी पायरी, दुरुस्ती न झालेली तूट पेशीविभाजनापर्यंत टिकणे. अशा वेळी गुणसूत्राचा तुटलेला तुकडा नव्या केंद्रकात न जाता बाजूला पडतो आणि त्याचे लहानसे 'सूक्ष्मकेंद्रक' बनते. ते रंगवून मोजता येते. तिसरी पायरी उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएच्या मजकुरातील कायमचा बदल. तो प्रजननपेशीत झाला तरच 'आनुवंशिक' हा शब्द खरा ठरतो. चौथी पायरी, या साऱ्यामुळे त्या तळ्यातील बेडकांची संख्या घटणे. एका पायरीवरचा पुरावा दाखवून वरच्या पायरीवर उडी मारता येत नाही. १९९७ चा निबंध पहिल्या पायरीवर आहे, आणि तेथे तो भक्कम उभा आहे.

नंतरची वाटचाल

त्याच वर्षी राल्फ आणि पेट्रास यांनी प्रयोगशाळेबाहेर पडून लहान पाणवठ्यांतील दोन जातींचे बेडूकमासे तपासले. शेती आणि कारखाने असलेल्या भागांतील बेडूकमाशांत, शेती नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या जागांच्या मानाने, डीएनएची इजा अधिक आढळली. हा निबंध पहिल्याच्या जोडीने वाचावा. प्रयोगशाळेत पदार्थ कोणता ते ठाऊक असते, पण मात्रेविषयी शंका राहते. ओहोळात मात्रा खरी असते, पण कोणत्या पदार्थाने काय केले ते कळत नाही. एकाची उणीव दुसरा थोडीफार भरून काढतो.

दुसऱ्या पायरीवरचा पुरावा आपल्या देशातून आला आहे. सिल्चर येथील आसाम विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये राउंडअपचा परिणाम युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस या बेडकाच्या बेडूकमाशांवर तपासला. पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारा हा बेडूक महाराष्ट्रातील विहिरी-तळ्यांतही सर्रास दिसतो. मात्रा वाढवली तशी तांबड्या रक्तपेशींतील सूक्ष्मकेंद्रके वाढत गेली. म्हणजे निदान काही तुटी दुरुस्तीतून निसटून विभाजनापर्यंत पोचल्या. १९९७ च्या निबंधाने अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर आहे. पाण्यातील डीएनए-घातक द्रव्ये ओळखण्यासाठी उभयचरांच्या पिल्लांतील सूक्ष्मकेंद्रके मोजण्याची पद्धत २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारलेली आहे, हेही येथे नोंदवू.

चौथ्या पायरीकडे जाताना चित्र पालटते. पिट्सबर्ग विद्यापीठातील रिक रेल्यिया यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बाहेर ठेवलेल्या पाण्याच्या टाक्यांत राउंडअप टाकल्यावर तीन आठवड्यांत ९६ ते १०० टक्के बेडूकमासे मेले. ते उत्पादन पाण्यावर फवारण्यासाठी नाही आणि मात्रा थेट फवारणीची होती, असे आक्षेप त्यावर घेतले गेले. ते ऐकण्यासारखे आहेत. पण येथे मुद्दा वेगळा आहे. बेडूकमासे मेले ते डीएनए तुटल्याने मेले असे मानण्याचे कारण नाही.

अ‍ॅट्राझिनची कथा तर आणखी बोलकी आहे. बर्कलीच्या टायरोन हेज यांनी २००२ मध्ये झेनोपस या आफ्रिकन बेडकात लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प मात्रेत नरांच्या प्रजननग्रंथींत बिघाड होतो असे दाखवले. २०१० मध्ये त्यांनी लिटरला २.५ मायक्रोग्रॅम मात्रेत वाढवलेल्या ४० जन्मजात नरांपैकी सुमारे दहा टक्के नरांचे पूर्ण माद्यांत रूपांतर झाल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात अ‍ॅट्राझिनची मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्रॅम आहे, हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या बाजूला, अ‍ॅट्राझिन बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीच्या पैशातून झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असा परिणाम आढळला नाही, आणि अमेरिकन पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये हीच बाजू ग्राह्य धरली होती. या वादाचा निकाल आम्ही येथे लावू पाहत नाही. पण विंडसरच्या प्रयोगात अ‍ॅट्राझिनयुक्त द्रव्याच्या मात्रा मिलिग्रॅममध्ये होत्या. लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे हेज यांच्या ०.१ मायक्रोग्रॅमच्या दहा हजार पट. हेज म्हणतात तसे होत असेल, तर ते डीएनए न तोडता होते. जनुके तीच राहतात, त्यांना मिळणारे संप्रेरकांचे हुकूम बदलतात. 'डीएनए तुटला नाही, म्हणजे अपाय नाही' हा तर्क म्हणूनच धोक्याचा आहे. अ‍ॅमसॉलच्या 'नाही'चा अर्थही एवढाच, की त्या मात्रेत, त्या काळात, रक्तपेशींत, या चाचणीला काही दिसले नाही.

वर्गात काय सांगावे

आपल्याकडे ऊस आणि मका या पिकांत अ‍ॅट्राझिन वापरले जाते. युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची मान्यता नाकारली, ती बेडकांमुळे नव्हे, तर भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त सापडत होते म्हणून. ग्लायफोसेटचा वापर केवळ प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. खुरपणीला माणसे मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक घरोघर पोचले आहे. आपल्या वर्गातील कित्येक मुलांचे वडील पाठीवर पंप घेऊन फवारणी करतात. तक्त्यावरचे वाक्य ही मुले वाचणार आहेत, आणि ती नुसती वाचून सोडणार नाहीत.

त्यांतील एखादा उठून म्हणेल, 'सर, आमच्या शेतात दरवर्षी फवारणी होते, तरी पाऊस पडला की बांधावर बेडूक ओरडतातच.' शिक्षकाने 'पुढच्या पिढ्या विकृत होतात' असे शिकवले असेल, तर या एका निरीक्षणाने तो पाठ कोसळेल, आणि त्याबरोबर फवारणीच्या वेळी घ्यायच्या काळजीविषयी सांगितलेले सारेही हवेत जाईल. अतिशयोक्तीची किंमत अशी मोजावी लागते. शिक्षकाने चार पायऱ्या सांगितल्या असतील, तर हेच निरीक्षण पाठाचा भाग होईल. ओरडतात ते प्रौढ नर. त्यांच्या अंड्यांतून किती बेडूकमासे निघतात, त्यांतील किती बेडूक होऊन पाण्याबाहेर येतात? फवारलेल्या शेताच्या डबक्यात आणि न फवारलेल्या माळावरच्या डबक्यात काही फरक आहे काय? पाण्याची खोली किती? फवारणीनंतर किती दिवसांनी पाऊस आला? हे प्रश्न वही, पेन्सिल आणि फूटपट्टी एवढ्यावर तपासायला घेता येतात.

विद्यार्थ्यांना बेडूकमासे पकडून तणनाशकात ठेवायला मुळीच सांगू नये. तणनाशकाची बाटली शाळेत आणू नये. गुणसूत्रे पाहायचीच असतील तर कांद्याच्या मुळाचे टोक आहे. निरोगी कांद्याच्या मुळातील हजार पेशी दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या मोजायला सांगाव्यात. एकाचा आकडा दुसऱ्याला दाखवू नये. दोघांनी मोजलेल्या विभाजनाच्या पेशींची संख्या किती जुळते ते पाहावे. ती फारशी जुळणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या आकड्यात मोजणाऱ्याचा वाटा किती असतो, हे मुलांना तेव्हा कळेल, आणि विंडसरच्या संशोधकांनी तुलनेचा गट का ठेवला हेही.

तक्त्यावर काय लिहावे, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही पुढील मजकूर सुचवू. 'प्रयोगशाळेत काही तणनाशकांच्या द्रावणात बेडूकमासे ठेवले असता त्यांच्या रक्तपेशींतील डीएनएला इजा झालेली दिसली. ही इजा टिकते का, बेडकांची संख्या तिच्यामुळे घटते का, हे वेगळे प्रश्न आहेत. फवारणी पाण्यापासून दूर करावी.' वाक्य लांब झाले, ठळक अक्षरांत मावणार नाही, हे खरे. मग तक्ता थोडा मोठा घ्यावा.